पटावरचं नाव आणि वर्गातली जागा



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप मंडळाच्या पोरांनी धाडला. स्मरणिकेत आपण दरवेळी धम्मावर लिहितो, बाबासाहेबांच्या चरित्रावर लिहितो, आणि ते लिहायलाच पाहिजे. पण या वेळी आम्ही आपल्या लेकरांच्या शाळेचा इतिहास लिहायला घेतला आहे. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नाही. गिरणीच्या पाळ्या करता करता जे वाचलं, सभांमधून जे ऐकलं आणि पडताळून पाहिलं, तेच इथे मांडत आहोत.

हा इतिहास आपल्याला अर्धाच ठाऊक असतो. आधी शाळा बंद होती, मग फुले आले, बाबासाहेब आले, शाळा उघडली, आपण शिकलो, अशी सरळ गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती खोटी नाही, पण पुरी नाही. शाळेच्या पटावर नाव येणं वेगळं आणि वर्गात बसायला जागा मिळून ती शेवटपर्यंत टिकणं वेगळं. गेल्या पावणेदोनशे वर्षांत पहिली गोष्ट आपल्याला पुन्हा पुन्हा देण्यात आली आणि दुसरी पुन्हा पुन्हा हातातून काढून घेण्यात आली. हे कसं घडलं ते नीट समजलं, तर आजसुद्धा कोणतं पोरगं बाहेर राहिलं आहे ते आपल्याला ओळखता येईल.

बंद दार आणि पहिली थाप

तथागतांच्या संघाचं दार कोणाला बंद नव्हतं. उपाली न्हावी होता, तो विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. सुनीत रस्ते झाडणारा होता, त्याला भगवंतांनी स्वतः संघात घेतलं. ज्ञान सर्वांसाठी आहे ही गोष्ट या भूमीवर अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालेली आहे. पुढे ती गाडली गेली. शूद्राने, अतिशूद्राने आणि बाईने अक्षर शिकणं हे पाप ठरवण्यात आलं. पेशवाई संपेपर्यंत आपल्या वाट्याला आला तो गावकीचा भार, वेठ आणि वेशीबाहेरचं घर.

इंग्रज आले म्हणून लगेच दार उघडलं, असंही झालं नाही. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३ साली शिक्षणाविषयी एक टिपण लिहिलं. खालच्या मानलेल्या जातींची मुलं मिशनऱ्यांना सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात, हे त्याला माहीत होतं. तरीही या लोकांना खास उत्तेजन देताना जपून राहा, नाहीतर वरच्या जाती आपल्या शिक्षणाकडे पाठ फिरवतील, असा त्याचा सूर होता. म्हणजे आपली पोरं हुशार आहेत हे कळूनसुद्धा ती बाहेर राहिली. कारण राज्य चालवायला सरकारला वरच्यांची मर्जी हवी होती. हे धोरण पुढे वेगवेगळ्या रूपांत आपल्याला भेटत राहतं.

पहिली मोठी थाप त्या दारावर पडली ती पुण्यात. १८४८ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला जात तेव्हा अंगावर शेण आणि दगड येत, म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं ठेवत, हे आपल्या घराघरात माहीत आहे. फातिमा शेख यांनी साथ दिली. लहुजी साळवे यांनी मांग-महारांच्या वस्तीतून मुलं आणून दिली. १८५२ च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाली.

त्या शाळांतून काय निपजलं, ते पाहायला मुक्ता साळवे पुरेशी आहे. मांग समाजातली ही लहान मुलगी. १८५५ साली तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने विचारला. मोठमोठ्या पंडितांना सुचला नाही तो प्रश्न थोड्या वर्षांच्या शिक्षणाने एका पोरीला सुचला. आपल्याला शाळेबाहेर का ठेवलं होतं, याचं उत्तर त्या प्रश्नातच आहे.

धारवाडचा अर्ज

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या मुलांना पाठ असायला हवी. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. फी भरायला तयार असूनही सरकारी शाळेत मला घेत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आज ते कर्नाटकात आहे.

सरकारने काय उत्तर द्यावं? मुलाची बाजू न्यायाची आहे हे सरकारने नाकारलं नाही. पण एका मुलासाठी शाळा उघडी केली, तर बाकीची मुलं निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असा हिशेब मांडून त्याला बाहेर ठेवलं. एका बाजूला न्याय आणि दुसऱ्या बाजूला गर्दी असली की सरकार गर्दीच्या बाजूने झुकतं, याचा हा लेखी पुरावा आहे. प्रकरण कलकत्त्याला गेलं, तिथून विलायतेला गेलं. १८५८ साली कंपनीच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनी सांगितलं की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत आणि हे तत्त्व सोडता येणार नाही.

म्हणजे कागदावर आपल्या मुलांना शाळा खुली झाली ती १८५८ साली. एका पोराने अर्ज केला नसता, तर हे तत्त्व सांगण्याची वेळ कोणावर आली असती? हक्क वरून खाली पडत नाही. खालून कोणीतरी मागितल्यावरच तो कागदावर येतो.

ओट्यावरची शाळा

कागदावर आलेला हक्क गावात पोचला नाही. १८८२ साली हंटर कमिशन आलं, तेव्हा जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या करातून पैसा येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. पुण्यासारख्या शहरात अस्पृश्यांची वस्ती पाच हजारांच्या वर, त्यांच्यासाठी शाळा एकच आणि तिच्यात मुलं तीसपेक्षाही कमी, हा आकडाही त्यांनी कमिशनपुढे ठेवला. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळांत शंभर मुलांमागे आपल्या समाजांतलं पुरतं एकही मूल भरत नव्हतं. कॉलेजात तर एकही नव्हता.

कमिशनने तत्त्व मान्य केलं, पण सवर्णांचा विरोध असेल तिथे अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात, अशी वाट दाखवली. वेगळ्या शाळेमुळे काही मुलांना अक्षर मिळालं, हे खरं आहे. पण ‘तुमची शाळा तिकडे’ असं म्हणायला गावालाही एक सोय झाली.

जिथे वेगळी शाळा नव्हती आणि लोकांनी हट्ट धरला, तिथे तिसरा प्रकार निघाला. पलटणीतून निवृत्त झालेले आपले पेन्शनर कोकणात दापोलीला राहत होते. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. पलटणीत मुलांना शिक्षण मिळत असे, त्यामुळे अक्षराची किंमत या माणसांना कळली होती. १८९० नंतरच्या वर्षांत त्यांनी तिथल्या शाळेसाठी अर्ज केले. मुलं शाळेत आली, पण ओट्यावर. नाव पटावर, आवाज कानावर, आणि बसणं मात्र बाहेर. पाऊस आला तर भिजायचं, पाटी लांबून दाखवायची, चुकलं तर लांबूनच छडी.

हा ओटा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो नुसता मातीचा ओटा नाही. आत घेतल्याचंही दाखवायचं आणि बाहेरही ठेवायचं, अशी ती युक्ती आहे.

खुद्द बाबासाहेबांचं शिक्षण त्याच युक्तीतून गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये त्यांचं नाव दाखल झालं. महाराष्ट्र सरकार २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. पण नाव दाखल झालं म्हणजे काय झालं? बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि ते परत घरी आणायचं, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपाई नळ उघडून देईल तेव्हाच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर मागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातल्या मुलांनी गलका केला, असं त्यांच्या चरित्रात येतं. संस्कृत शिकायची इच्छा होती, तीही नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली ते बी.ए. झाले.

आपण या आठवणी जयंतीला सांगतो आणि टाळ्या वाजवतो. पण त्याच वर्षांत त्याच गोणपाटावरून उठून कायमची घरी गेलेली मुलं किती असतील? बाबासाहेब एक झाले. बाकीच्यांचं काय झालं, हा प्रश्न पुढे स्वतः बाबासाहेबांनीच विचारला.

दार सताड उघडणारे

मन असेल तर राज्यकर्ता काय करू शकतो, हे दोन संस्थानांनी दाखवून दिलं. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केलं. त्यानंतर पाच वर्षांनी, १९११ साली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसंच विधेयक आणलं. १९१२ साली मतं पडली १३ विरुद्ध ३८ आणि विधेयक पडलं. एका संस्थानाला जे परवडलं, ते एवढ्या मोठ्या साम्राज्याला परवडलं नाही!

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण आमच्या मते महाराजांचं त्याहून मोठं काम म्हणजे १९१९ चा हुकूम. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत सर्वांबरोबर बसवा, असा तो हुकूम होता. ओटा मोडायचा तर असा मोडावा लागतो.

लोकांनी आपल्या बळावर केलेलं कामही विसरून चालणार नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली परळमध्ये, आपल्या गिरणगावातच, मिशनची शाळा सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. नागपुरात जाईबाई चौधरी या आपल्याच समाजातल्या बाईने हमाली केली, शिकली आणि १९२२ साली संत चोखामेळ्यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचं नाव घेताना जाईबाईंचं नावही आपल्या मुलींच्या कानावर पडायला हवं.

शंभरातले अठरा

१९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. त्या ठरावातल्या पाणवठ्यांसाठी महाडचा सत्याग्रह झाला, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यात सार्वजनिक शाळाही होत्या, हे बहुतेकांच्या लक्षात नसतं. पाणी आणि पाटी यांचा लढा एकाच कागदावरून सुरू झाला होता.

महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. ते भाषण प्रत्येक पालकाने वाचावं. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुलं चौथीपर्यंत पोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे ठेवला. शाळेत पाऊल टाकलेलं मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, प्राथमिक शिक्षणाचा हेतू तोच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करतं, हेही त्यांनी सुनावलं.

बघा, सात दशकं आधी धारवाडच्या पोराचा प्रश्न होता, मला आत घ्या. बाबासाहेबांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. आत आलेलं मूल टिकत का नाही?

का टिकत नव्हतं, याचं उत्तर आपल्या बापजाद्यांच्या जगण्यात आहे. गावात महारकीचं वतन होतं. बाप पाटलाच्या कामावर, आई वेठीला, पोराने गुरं राखायची. ते वतन कायद्याने गेलं ते १९५८ साली, तेही बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात विधेयक आणल्याला तीस वर्षं झाल्यावर. मुंबईत यावं तर इथे गिरणी होती. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना काम बंद केलं. म्हणजे आठ वर्षांचं पोर दिवसाला नऊ तास खात्यात राबवायला कायद्याची हरकत नव्हती! १८९१ साली वयाची अट नऊ वर्षं झाली आणि १९२२ साली बारा वर्षं. ज्या वयात दुसऱ्याचं मूल पाढे म्हणत होतं, त्या वयात आपलं पोर भोंगा वाजला की धावत होतं.

म्हणूनच बाबासाहेबांनी वसतिगृहांवर एवढा भर दिला. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. मुलाला नुसती फी माफ करून भागत नाही. त्याला दोन वेळचं जेवण, कंदिलाचा उजेड आणि अभ्यासाला निवांत कोपरा लागतो, हे ज्याने परळच्या एका खोलीत अभ्यास केला त्या माणसाला कोणी शिकवायला नको होतं.

आणि नुसता सरकारी हुकूम किती पोकळ असतो, ते १९३५ साली दिसलं. अहमदाबाद जिल्ह्यातल्या कविठा गावात अस्पृश्यांनी सरकारी हुकमाच्या आधारे आपली मुलं गावच्या शाळेत घातली. गावाने त्यांच्यावर हल्ला केला, बहिष्कार घातला आणि त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतलं. मुलं शाळेत गेली म्हणून पिण्याचं पाणी नासवलं. ही हकिकत बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. शाळा, पाणी आणि धर्म हे तीन वेगळे प्रश्न नव्हते, हे यावरून समजावं.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला गेला. मराठवाड्यातली आपली पहिली शिकलेली पिढी तिथून उभी राहिली.

धम्म स्वीकारल्याची किंमत

आता जो भाग सांगायचा आहे, तो आपल्याच घरांतला आहे आणि नव्या पिढीला तो फारसा माहीत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण नागपूरच्या दीक्षाभूमीवर बुद्धाला शरण गेलो. पण अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशात अट होती की हिंदू असेल त्यालाच अनुसूचित जातीचा मानायचं. १९५६ साली त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. त्यामुळे धम्म स्वीकारल्याबरोबर केंद्र सरकारच्या राखीव नोकऱ्या आणि केंद्राच्या संस्थांमधल्या राखीव जागा आपल्या मुलांना बंद झाल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या अखत्यारीत नवबौद्धांना सवलती दिल्या. पण दिल्लीचं दार बंदच राहिलं.

यामुळे प्रत्येक घरासमोर पेच उभा राहिला. शाळेच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहायचा? ‘बौद्ध’ लिहावं तर पोराची पुढची वाट अडते, आणि ‘हिंदू महार’ लिहावं तर बाबासाहेबांना दिलेलं वचन मोडतं. कित्येक आईबापांनी पोटाला चिमटा काढून ‘बौद्ध’ लिहिलं. कित्येकांनी जड मनाने जुनं लिहू दिलं. आज आपण कोणालाच दोष देऊ नये. दोष त्या कायद्याचा होता, ज्याने लेकराच्या पाटीची आणि आईबापाच्या श्रद्धेची झुंज लावली. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, आणि शेवटी विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात १९९० साली कायदा बदलून बौद्धांचा समावेश झाला. १९५६ ते १९९० म्हणजे ३४ वर्षं. धर्मांतराच्या साली जन्मलेल्या मुलाचं शिक्षणाचं सगळं वय त्यात निघून गेलं.

आजचा ओटा कुठे आहे

१९५० च्या राज्यघटनेने सांगितलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. दहाची पन्नास झाली. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेली गोष्ट हक्क म्हणून मिळायला १२८ वर्षं लागली.

आता गोणपाट गेलं, मातीचा ओटाही गेला. पण ओट्याची युक्ती गेली का?

हा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीपासून कायद्याचा हात सुटतो, आणि वस्तीतली पोरं गळतात तीही नेमकी त्याच सुमाराला. खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांना, असं कायदा म्हणतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी शाळा जवळ असलेल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली. पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. धारवाडच्या अर्जासारखाच हाही अर्ज आहे. मागणारा होता म्हणून दार उघडं राहिलं.

कमी पटाच्या शाळांचंही तसंच आहे. २०१७ साली राज्यातल्या तेराशेवर शाळा पट कमी म्हणून बंद करायचं ठरलं. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना पुढे आली. वाडीवरची, पाड्यावरची शाळा गेली की पहिली घरी बसते ती मुलगी, कारण दोन-तीन किलोमीटर तिला एकटीला कोण पाठवणार?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना टाळं लागलं आणि शिक्षण मोबाईलवर आलं. ज्या घरात फोन एकच आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरातलं पोर पटावर होतं आणि वर्गात नव्हतं. दापोलीच्या ओट्यावरून निदान गुरुजींचा आवाज तरी ऐकू यायचा!

आणि आपल्यापलीकडेही पाहिलं पाहिजे. मराठवाड्यातली ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अर्धं वर्ष तिथेच जातं. भटक्या-विमुक्तांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ साली गेला, पण त्यांच्या पालावरचं पोर अजून शाळेच्या वाटेवर अडखळतं आहे. अपंग मुलाला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून तेही घरीच राहतं. आपण जे भोगलं, ते आज दुसरं कोणी भोगत असेल आणि आपल्याला दिसत नसेल, तर आपण इतिहास वाचला असं म्हणता येणार नाही.

विहाराने काय करावं

इतिहास सांगून थांबलो तर स्मरणिकेची पानं भरतील, बाकी काही होणार नाही. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, विहारात एक वही ठेवावी. वस्तीतलं प्रत्येक मूल, मग ते कोणत्याही जातीधर्माचं असो, कोणत्या इयत्तेत आहे ते तिच्यात लिहावं आणि दर तीन महिन्यांनी पाहावं. सातवी ते दहावीच्या मुलांची नावं लाल शाईने लिहावीत. एखादं मूल पंधरा दिवस शाळेत गेलं नाही, तर मंडळाच्या दोघांनी त्याच्या घरी जावं. ओरडायला जाऊ नये, विचारायला जावं. कुठे फी अडलेली असते, कुठे आई आजारी असते, कुठे गणिताचा धसका असतो.

दुसरी, विहाराची अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी राहावी. सोलापूरच्या वसतिगृहामागचा विचार तोच होता, उजेड आणि कोपरा. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक भाग दरवर्षी या खर्चासाठी बाजूला काढावा. डीजेचा आवाज एका रात्रीत विरतो, दिव्याचं बिल पोराला वर्षभर पुरतं.

तिसरी, दाखले, जात प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे आणि २५ टक्क्यांच्या जागांचे अर्ज भरायला शिकलेल्या मुला-मुलींनी रविवारी वंदनेनंतर एक तास बसावं. हे अर्ज आता कॉम्प्युटरवर भरावे लागतात, त्यांच्या तारखा निघून जातात, आणि अडाणी बापाला ते कळतही नाही. अर्ज न भरल्यामुळे बाहेर राहिलेलं मूल आणि गोणपाटावर बसवलेलं मूल यांच्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

बाबासाहेबांच्या हिशेबात शंभरातले अठरा टिकले होते. आपल्या वस्तीतले शंभरातले किती टिकतात, ते त्या वहीवरून कळेल. पुढच्या वर्धापन दिनाला भाषणं थोडी कमी करून तो आकडा सर्वांसमोर वाचून दाखवावा, एवढीच विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!